कोशातल्या नोंदीचा संदर्भ प्रबंधात कसा द्यायचा? लेखक कोण, पृष्ठ द्यायचं का, ऑनलाइनचं काय?

दांडियाबाजार

नमस्कार मंडळी. मी बडोद्यातच पीएच.डी. करतेय. विषय आहे बडोदे संस्थानाच्या कारभारातली मराठी. गायकवाडी दप्तरातले शब्द कुठून आले, गुजरातीशी त्यांची देवघेव कशी झाली आणि सयाजीराव महाराजांच्या काळात ते जाणूनबुजून कसे बदलले गेले, असं साधारण स्वरूप. त्यामुळे माझ्या टेबलावर पुस्तकांपेक्षा कोशच जास्त असतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, केतकरांचा ज्ञानकोश, मराठी विश्वकोश, गुजरातीसाठी भगवद्गोमंडल. आणि ज्याच्याभोवती माझं अख्खं तिसरं प्रकरण फिरतं तो 1931 चा श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु, म्हणजे राज्यकारभारातल्या संज्ञांचा कोश (पुढे नुसतं ‘कल्पतरु’).

आता तळटीपा पक्क्या करायला बसले आहे आणि सल्ले दोन दिशांना जाताहेत. एक सर म्हणतात, कोशाचं नाव आणि खंड लिहिला की झालं, कोश सगळ्यांना माहीत असतात. दुसऱ्या मॅडम म्हणतात, प्रत्येक नोंदीला लेखक, पृष्ठ, प्रकाशक, सगळं हवं. मला मिळालेल्या नमुन्याच्या कागदावर पुस्तक, नियतकालिकातला लेख आणि संकेतस्थळ यांचे नमुने आहेत, कोशाचा नाही.

विचारायचं असं: लेखक म्हणून कुणाचं नाव द्यायचं, संपादकाचं की नोंद लिहिणाऱ्याचं? शब्दकोशात पृष्ठांक हवाच का? ऑनलाइन पाहिलेली नोंद छापील खंडाच्या नावावर दाखवली तर चालेल का? आणि कल्पतरु माझ्यासाठी संदर्भग्रंथ आहे की मूळ साधन?

---

जुना ग्रंथपाल

ताई, विषय वाचूनच फार बरं वाटलं. बडोद्याच्या मराठीवर कुणीतरी दप्तरात बसून काम करतंय ही मोठी गोष्ट आहे.

सुरुवात विश्वकोशापासून करतो, कारण तिथे सगळ्यात जास्त अन्याय नोंदलेखकांवर होतो. ‘जोशी, लक्ष्मणशास्त्री, मराठी विश्वकोश’ एवढाच संदर्भ मी कितीतरी प्रबंधांत पाहिला आहे, मग नोंद भूकंपावरची असो की नाण्यांवरची. तर्कतीर्थ प्रमुख संपादक होते. प्रत्येक नोंद कुणीतरी अभ्यासकानं लिहिलेली आहे आणि त्याचं नाव नोंदीच्या शेवटी, आधी आडनाव आणि मग आद्याक्षरं, असं छापलेलं असतं. काही ठिकाणी एका नावापुढे कंसात ‘इं.’ आणि दुसऱ्यापुढे ‘म.’ असतं. म्हणजे मूळ मजकूर पहिल्यानं इंग्रजीत लिहिला, मराठी दुसऱ्यानं केलं. अशा वेळी लेखक म्हणून पहिलं नाव आणि अनुवादक म्हणून दुसरं, दोन्ही द्यायची. ज्यानं वाक्य लिहिलं त्याचं नाव त्या वाक्याखाली आलंच पाहिजे. त्यात कोशाच्या प्रसिद्धीचा काही संबंध नाही.

दुसरं, खंडाचं शीर्षकपान उघडल्याशिवाय प्रकाशक आणि संपादक लिहू नका. विश्वकोश हा फार लांबलेला प्रकल्प. पहिला खंड 1976 साली आला, पण अठरावा म्हणजे परिभाषासंग्रह त्याच्या आधी, 1973 साली. म्हणून खंडाच्या क्रमांकावरून साल ताडता येत नाही, दोन्ही द्यावं लागतं. विश्वकोश निर्मिती मंडळ 1980 च्या डिसेंबरात स्वतंत्र झालं. त्याआधीचे खंड साहित्य संस्कृती मंडळाचे. तर्कतीर्थ 1994 मध्ये गेले आणि विसाव्या खंडाचं काम 2015 पर्यंत चाललं. तेव्हा सगळ्या खंडांना एकच संपादक आणि एकच प्रकाशक चिकटवून टाकणं म्हणजे न पाहता लिहिणं. परीक्षकाला ते कळतं.

नमुना असा ठेवा:

आडनाव, नाव (नोंदलेखक). ‘नोंदीचं शीर्षक’. मराठी विश्वकोश, खंड अमुक, प्रमुख संपादक अमुक, प्रकाशनस्थळ : प्रकाशक, साल, पृ. अमुक ते अमुक.

नोंदीखाली नाव नसेल तर नोंदीच्या शीर्षकापासून सुरुवात करा. संपादकाला लेखकाच्या जागी आणून बसवू नका.

---

सुरसागर

काका, विश्वकोशाच्या नोंदीखाली पुष्कळदा ‘संदर्भ’ म्हणून पुस्तकांची यादीही असते. ती आपल्या सूचीत घेता येते का?

---

जुना ग्रंथपाल

त्यातलं जे पुस्तक तुम्ही स्वतः हातात घेऊन वाचलं तेवढंच घ्यायचं. यादी उचलून आपल्या सूचीत घातली तर न वाचलेली पुस्तकं वाचल्याचं सांगितलं असं होतं. ती यादी पुढच्या वाचनाची वाट दाखवायला आहे, आणि त्या कामाला ती फार चांगली आहे.

---

तळटीप

पृष्ठांकाबद्दल मी लिहितो, कारण इथे पद्धतीनुसार फरक पडतो.

ज्या कोशात नोंदी वर्णक्रमानं आहेत तिथे शीर्षशब्द हाच पत्ता. वाचक कुठल्याही आवृत्तीत, कुठल्याही पुनर्मुद्रणात तो शब्द शोधू शकतो, पृष्ठं मात्र बदलतात. म्हणून शिकागो पद्धतीत (संदर्भ देण्याच्या रूढ पद्धतींपैकी एक) प्रसिद्ध कोशांना खंड आणि पृष्ठ न देता आवृत्ती आणि शीर्षशब्द देतात. इंग्रजी प्रबंधात शीर्षशब्दाआधी लॅटिन ‘सब व्हर्बो’चं लघुरूप ‘एस. व्ही.’ लिहितात. मराठीत सरळ ‘वहिवाटदार’ या शब्दाखाली, असं लिहावं.

आणि शीर्षशब्द जसा छापला आहे तसाच उतरवायचा. दाते-कर्वे 1930 च्या दशकातला, आजचे शुद्धलेखनाचे नियम 1962 नंतरचे. जुने अनुस्वार आणि जुने ऱ्हस्वदीर्घ ‘सुधारून’ लिहिले तर शोधणारा भलत्याच ठिकाणी शोधत बसेल. एकाच शब्दाच्या दोन-तीन वेगळ्या नोंदी असतील तर कितवी, आणि एका नोंदीत क्रमांक घातलेले अर्थ असतील तर कितवा अर्थ, हेही द्या. तुमच्यासारख्या कामात हे पृष्ठांकापेक्षा मोलाचं आहे. ‘फड’ म्हटल्यावर कचेरीचा फड, तमाशाचा फड की उसाचा, हे अर्थाच्या क्रमांकावरूनच कळणार.

केतकरांच्या ज्ञानकोशाला मात्र हा नियम सरसकट लावू नका. त्याच्या 23 विभागांपैकी पहिले पाच प्रस्तावनाखंड आहेत आणि ते वर्णक्रमानं नाहीत. पहिला ‘हिंदुस्थान आणि जग’, दुसरा ‘वेदविद्या’, पाचवा ‘विज्ञानेतिहास’. तिथे प्रकरण आणि पृष्ठ द्यावंच लागतं, कारण ते पुस्तकासारखे सलग ग्रंथ आहेत. अकारविल्हे नोंदी सहाव्यापासून सुरू होतात. शिवाय केतकरांनी ‘विभाग’ हा शब्द वापरला आहे, तर तुम्हीही ‘विभाग’च लिहा, ‘खंड’ नको.

बडोद्यातलंच आणखी एक उदाहरण. प्राच्यविद्या मंदिरानं वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे वेगवेगळी हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ, 1960 ते 1975 मध्ये सात खंडांत काढली. तिचा संदर्भ देताना कांड, सर्ग, श्लोक देतात, आणि ‘बडोदे चिकित्सक आवृत्ती’ हे सांगतातच, कारण इतर पाठांत श्लोकांची संख्या आणि क्रमांक वेगळे आहेत. तिथे ग्रंथाची आतली विभागणी हा पत्ता, कोशात शीर्षशब्द. पण दोन्हीकडे आवृत्ती सांगितली नाही तर तो पत्ता अपुरा राहतो.

---

नवापुरा

थोडं वेगळं मत मांडतो. पीएच.डी.च्या प्रबंधात विश्वकोश, ज्ञानकोश यांचे दाखले असावेत का, हाच मुळात प्रश्न आहे. माझ्या एका परिचितांच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ‘कोशातून प्रबंध लिहिता का?’ असं विचारलं होतं. कोश म्हणजे तयार सारांश. संशोधकानं त्याच्या पलीकडे जायला हवं.

---

शब्दवेल्हाळ

नवापुरा, तुमचा मुद्दा ज्ञानकोशाच्या बाबतीत बराचसा मान्य. बडोदे संस्थान केव्हा स्थापन झालं हे विश्वकोशावरून सांगितलं तर परीक्षक नाराज होणारच, कारण त्यासाठी दप्तर आहे, ग्रंथ आहेत. पण शब्दकोश भाषेच्या अभ्यासात पुरावा म्हणून येतो. ताईंचं काम शब्दांवर आहे. अमुक शब्द अमुक साली अमुक अर्थानं नोंदला गेला होता, हे विधान कोशाशिवाय सिद्ध कसं करणार?

आणि तो पुरावा असल्यामुळेच आवृत्तीचा प्रश्न इतका मोठा होतो. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती 1831 ची. जी आपण सगळे वापरतो, जी शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे, ती 1857 ची दुसरी, सुधारून वाढवलेली. पुण्याहून 1975 मध्ये निघालेलं पुनर्मुद्रणही याच दुसऱ्या आवृत्तीचं. आता एखाद्यानं तळटीपेत ‘मोल्सवर्थ, 1975’ एवढंच लिहिलं, तर एकोणिसाव्या शतकातला पुरावा विसाव्या शतकातला वाटतो. आणि 1857 ची नोंद पाहून ‘1831 मध्येच हा शब्द रूढ होता’ असं लिहिलं तर ते चूकच, कारण मधल्या 26 वर्षांत शेकडो गोष्टी बदलल्या आणि कोशही वाढला. म्हणून असं लिहा: मोल्सवर्थ, जे. टी., दुसरी आवृत्ती, मुंबई, 1857, पुनर्मुद्रण पुणे, 1975. मूळ साल आधी, हातातल्या प्रतीचं नंतर.

दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाबद्दल दोन गोष्टी. सात विभाग 1932 ते 1938 मध्ये निघाले आणि पुरवणी 1950 मध्ये. पुरवणीतला शब्द असेल तर ‘पुरवणी’ असं स्वतंत्र लिहा, नाहीतर शोधणाऱ्याला मुख्य विभागात तो सापडणार नाही. आपण सवयीनं ‘दाते-कर्वे’ म्हणतो, पण शीर्षकपानावर आणखीही संपादकांची नावं आहेत. सूचीत ती सगळी यावीत, तळटीपेत लघुरूप चालेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या कोशात अर्थाबरोबर वापराची उदाहरणं दिली आहेत, आणि प्रत्येक उदाहरणापुढे मूळ ग्रंथाचं संक्षिप्त रूप. ज्ञानेश्वरी, मोरोपंत, बखरी, ऐतिहासिक कागदपत्रं. संक्षेपांची यादी कोशातच दिलेली आहे. ते उदाहरण तुमच्या मुद्द्याचा आधार असेल तर मूळ ग्रंथात जाऊन ओवी किंवा पत्र पाहायचं आणि मूळ ग्रंथाचाच संदर्भ द्यायचा. मूळ मिळालंच नाही तर ‘महाराष्ट्र शब्दकोशात उद्धृत’ असं प्रामाणिकपणे लिहायचं. मूळ न पाहता मूळाचा संदर्भ देणं हे संशोधनात फार मोठं नुकसान करतं. कोशात एखादा आकडा चुकीचा छापला गेला असेल तर तीच चूक पुढच्या पन्नास प्रबंधांत जाते, आणि सगळे ‘मूळ’ पाहिल्याचं सांगत असतात.

---

नवापुरा

हे पटलं. पुरावा म्हणून कोश आणि माहितीसाठी कोश या दोन गोष्टी वेगळ्या, हे प्रस्तावनेत एका परिच्छेदात स्पष्ट लिहून टाकावं असं सुचवतो. म्हणजे परीक्षकाचा प्रश्न येण्याआधीच उत्तर तयार.

---

दांडियाबाजार

सगळ्यांचे मनापासून आभार. नवापुरा दादा, तो परिच्छेद नक्की लिहिते.

आता कल्पतरुबद्दल कुणी सांगाल का? त्यात इंग्रजी संज्ञेला गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली प्रतिशब्द आहेत. एका लेखात मी लेखक म्हणून ‘गायकवाड, सयाजीराव’ असं पाहिलं. ते बरोबर आहे का?

---

जुना ग्रंथपाल

नाही. ग्रंथाच्या नावात महाराजांचं नाव आहे, प्रेरणा आणि आज्ञा त्यांची, पण शब्द जमवले आणि ठरवले ते वेगवेगळ्या भाषांच्या जाणकारांनी. अशा ठिकाणी संस्थेला किंवा राज्याला कर्त्याच्या जागी ठेवतात. सूचीत ‘बडोदे राज्य’ असं नोंदवून पुढे ग्रंथनाम, स्थळ, 1931. किंवा थेट ग्रंथनामापासून सुरुवात. दोन्ही चालतं, पण जे धराल ते शेवटपर्यंत तेच. शीर्षकपानावर आणि प्रस्तावनेत संपादनाबद्दल जे लिहिलं आहे ते वाचून, ती नावं ‘संपादन’ म्हणून जोडा.

श्रीसयाजी साहित्यमाला किंवा बालज्ञानमालेतल्या पुस्तकांचंही असंच होतं. तिथे प्रत्येक पुस्तकाला लेखक किंवा अनुवादक आहे, मालेचं नाव आणि क्रमांक नंतर कंसात. मालेवर महाराजांचं नाव आहे म्हणून महाराज लेखक होत नाहीत. त्यांनी ज्यांना काम दिलं, मानधन दिलं, त्या माणसांची नावं आज आपल्यासमोर फक्त या शीर्षकपानांवर उरली आहेत. ती गाळू नका.

---

तळटीप

आणि ताई, तुमच्या तिसऱ्या प्रकरणात कल्पतरु हे मूळ साधन आहे, यात शंका नको. तुम्ही त्यात एखाद्या शब्दाचा अर्थ शोधायला गेलेला नाहीत. राज्यानं 1931 साली कारभाराची भाषा कशी असावी असं ठरवलं, ते तुम्ही तपासताय. म्हणजे तो ग्रंथ म्हणजे त्या काळाचा दस्तऐवज. सूचीत ‘मूळ साधनं’ या विभागात घाला. मोल्सवर्थही तुमच्यासाठी अर्धा तसाच. विश्वकोश मात्र ‘संदर्भग्रंथ’ विभागात.

शिकागो पद्धतीतला एक नियम लोक अर्धाच वाचतात. प्रसिद्ध कोश तळटीपेत द्यावा, सूचीत घालायची गरज नाही आणि प्रकाशकाचा तपशीलही नको, असं ती म्हणते. पण ते ज्ञात कोशांपुरतं. अपरिचित किंवा विशिष्ट विषयाच्या कोशाचा पूर्ण तपशील द्यायला तीच पद्धत सांगते. तुमच्या सरांचा सल्ला पहिल्या अर्ध्यातून आला असावा. ब्रिटानिका शिकागोत सगळ्यांना माहीत असेल. 1931 चा बडोद्याचा अष्टभाषी कोश नागपूर किंवा धारवाडच्या परीक्षकाला माहीत असेलच असं नाही. माझं मत विचाराल तर भारतीय भाषांच्या सगळ्याच कोशांचा पूर्ण तपशील सूचीत द्यावा.

---

खंडेराव मार्केट

गॅझेटिअरबद्दल विचारलेलं नाही तरी लिहितो, कारण या विषयात ते येणारच. बडोद्याची दोन गॅझेटिअर लोक एकमेकांत मिसळतात. एक मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअर मालेतला सातवा खंड, 1883 चा. दुसरं बडोदे राज्याचं स्वतःचं, गोविंदभाई देसाई आणि ए. बी. क्लार्क यांचं, 1923 चं, दोन खंडांत. नुसतं ‘बडोदा गॅझेटिअर’ लिहिलं तर कोणतं ते कळत नाही, आणि दोन्हींच्या मध्ये 40 वर्षं आहेत, ज्यांत सगळी कारभाराची घडी बदलली.

1883 च्या खंडाखाली सगळे कॅम्बेल यांचं नाव लिहितात. ते मालेचे सर्वसाधारण संपादक. बडोद्याच्या खंडातला मोठा भाग एफ. ए. एच. एलियट यांनी लिहिलेला आहे, जे सयाजीरावांचे शिक्षक होते. राजांचा इतिहास तुम्ही तिथून घेणार असाल तर हे कळणं फार गरजेचं आहे. राजाच्या शिक्षकानं लिहिलेला इतिहास आणि दूरच्या अधिकाऱ्यानं संपादित केलेला इतिहास वाचक वेगळ्या नजरेनं वाचतो. नोंदलेखकाचं नाव देण्याचा खरा उपयोग हाच: कोण बोलतंय ते कळतं.

---

शब्दवेल्हाळ

फार नेमकं बोललात. ब्रिटानिकाच्या 1910-11 च्या अकराव्या आवृत्तीतही लेखांखाली फक्त आद्याक्षरं असतात आणि ती कुणाची याची यादी खंडाच्या सुरुवातीला असते. ‘ब्रिटानिका म्हणते’ असं लिहिण्याआधी ती यादी उघडावी.

---

सुरसागर

ऑनलाइनचं राहिलं. मी एम.ए. करतो, मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात दर वेळी जाणं होत नाही. विश्वकोश फोनवरच पाहतो.

---

तळटीप

फोनवर पाहिलं तर फोनवर पाहिलं असंच लिहायचं, त्यात कमीपणा काही नाही. जे पाहिलं तेच सांगणं एवढीच अट. संकेतस्थळावरची नोंद पाहून छापील खंडाचा पृष्ठांक दुसरीकडून आणून चिकटवला तर ते खोटं होतं. शिवाय संगणकीय प्रत तयार करताना अक्षरं निसटतात, तक्ते गळतात. त्यामुळे छापील मजकूर अगदी तोच असेल याची खात्री नसते.

विश्वकोशाच्या बाबतीत एक खास गोष्ट. छापील 20 खंडांतल्या नोंदी ऑनलाइन आहेत, आणि त्याशिवाय वेगवेगळ्या ज्ञानमंडळांनी नव्यानं लिहिलेल्या नोंदीही ऑनलाइन आहेत. दोन्हींचं नाव मराठी विश्वकोशच. नव्या नोंदींखाली लेखकाच्या नावाबरोबर ‘समीक्षक’ म्हणून आणखी एक नाव असतं. समीक्षक हा तपासणारा, लेखकाच्या जागी त्याचं नाव घालू नका. आणि तुमची नोंद जुनी की नवी हे स्पष्ट लिहा, कारण एकाच विषयावर 1980 च्या सुमाराची आणि आताची अशा दोन नोंदी असू शकतात आणि माहिती वेगळी असू शकते.

संदर्भ देण्याच्या एपीए या पद्धतीत, 2020 पासूनच्या सातव्या आवृत्तीत, सतत बदलत राहणाऱ्या ऑनलाइन कोशाला साल न देता ‘दिनांक नाही’ असं लिहून पाहिल्याची तारीख देतात. छापील आवृत्तीचं साल असेल तर ते द्यायचं. एमएलए या आणखी एका पद्धतीत लेखक नसेल तर नोंदीचं नाव अवतरणात पुढे आणि कोशाचं नाव तिरप्या अक्षरात. विभागानं जी पद्धत सांगितली ती धरा. दोन्हींची सरमिसळ नको.

---

सुरसागर

आणि विकिपीडिया?

---

खंडेराव मार्केट

विषय समजून घ्यायला जरूर वाचा, मुद्द्याच्या आधारासाठी त्याच्या तळटीपांमधल्या मूळ ग्रंथांकडे जा. पण विकिपीडियाबद्दलच लिहीत असाल, किंवा तिथलं वाक्य उद्धृत करायचंच असेल, तर पानाच्या इतिहासात जाऊन ज्या आवृत्तीतून वाचलं तिचा कायमचा दुवा द्या. पान उद्या बदलेल, तो दुवा बदलत नाही. एपीएसुद्धा हेच सांगते.

आणखी एक. विश्वकोशातले उतारे नाव न देता कुणाकुणाच्या ब्लॉगवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. शब्द ओळखीचे वाटले तर आधी विश्वकोशात शोधा. तिथून आलेला मजकूर ब्लॉगच्या नावावर दिला तर मूळ लेखकाचं नाव दुसऱ्यांदा पुसलं जातं.

---

नवापुरा

यावरून आठवलं, व्याख्या कोशातून जशीच्या तशी घेतली की साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टक्केवारी वाढते. काही जण म्हणून व्याख्येचे दोन शब्द इकडेतिकडे करतात.

---

तळटीप

ते कृपा करून कुणी करू नका. शब्दकोशातली व्याख्या ही तोलून मापून लिहिलेली असते. त्यातला एक शब्द बदलला की अर्थ सरकतो, आणि उचलेगिरी ती उचलेगिरीच राहते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत अवतरणात आणि श्रेय देऊन घेतलेला मजकूर साम्याच्या मोजणीतून वगळायला सांगितलं आहे. संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देशही वगळायचे. सर्वसामान्य माहितीचे किंवा योगायोगानं जुळणारे सलग 14 पर्यंत शब्दही धरायचे नाहीत. 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही. 10 ते 40 टक्क्यांना सुधारून पुन्हा सादर करायचं, त्यावर 60 पर्यंत वर्षभर सादर करता येत नाही, आणि 60 च्या पुढे नोंदणी रद्द. म्हणजे व्याख्या अवतरणचिन्हांत घालून शीर्षशब्दासकट संदर्भ दिला तर घाबरायचं कारणच नाही. तपासणी करणाऱ्यानं अवतरणं वगळण्याची सोय चालू केली आहे ना, एवढं मात्र नम्रपणे विचारून घ्या.

---

शब्दवेल्हाळ

झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: त्यात विश्वकोशातला लेख आणि शब्दकोशातली नोंद असे दोन वेगळे प्रकार आहेत, ‘पुस्तक’ निवडू नका. पुस्तक निवडलं की नोंदलेखकाला जागाच उरत नाही. संकेतस्थळावरून आपोआप उचललेला तपशील पुष्कळदा अर्धवट असतो, तो हातानं पुरा करावा लागतो. आणि एआयला विचारून मिळालेले संदर्भ तर एकेक करून खंडात पाहिल्याशिवाय अजिबात घेऊ नका. खंड खरा, संपादक खरे आणि नोंदच अस्तित्वात नाही, असं होतं.

---

दांडियाबाजार

इतकं सविस्तर कुणी समजावलं नव्हतं. सगळ्यांच्या सांगण्यावरून माझ्यापुरतं असं ठरवते आहे. बघून सांगा.

तळटीपेत: ‘वहिवाटदार’ या शब्दाखाली, अर्थ क्रमांक अमुक, महाराष्ट्र शब्दकोश, विभाग अमुक. दुसऱ्यांदा लगेच आला तर ‘तत्रैव’ (म्हणजे वरच्याच ठिकाणी), आणि शब्द बदलला असेल तर नवा शीर्षशब्द. सूचीत सगळ्या संपादकांसह पूर्ण तपशील. विश्वकोशासाठी काकांचा नमुना. मोल्सवर्थला मूळ साल आणि पुनर्मुद्रण दोन्ही. कल्पतरु आणि दोन्ही गॅझेटिअर मूळ साधनांत. ऑनलाइन पाहिलेल्या प्रत्येक नोंदीला पाहिल्याची तारीख. विभाग आणि पृष्ठं उद्या ग्रंथालयात बसून एकेक तपासून भरते.

भगवद्गोमंडलचं एक विचारायचं राहिलं. त्याचं नाव आणि शीर्षशब्द गुजराती लिपीत द्यायचे की देवनागरीत?

---

जुना ग्रंथपाल

रचना चांगली आहे. फक्त ‘तत्रैव’ जपून वापरा. टंकलिखित प्रबंधात मधे एखादी तळटीप वाढली की ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवतं. कोशासाठी लघुनाम ठरवून दर वेळी तेच लिहिणं सुरक्षित. लघुनामांची यादी प्रबंधाच्या सुरुवातीला द्या.

भगवद्गोमंडल नऊ भागांत, 1944 ते 1955 मध्ये गोंडलहून निघालेला कोश. मजकुरात शीर्षशब्द देवनागरीत द्या, म्हणजे मराठी वाचकाला अडणार नाही. सूचीत ग्रंथनाम देवनागरीत देऊन पुढे ‘गुजराती’ असं भाषेचं नाव लिहा, आणि भागाचा क्रमांक व साल दर वेळी, कारण प्रकाशन 11 वर्षं पसरलेलं आहे. जिथे गुजराती वर्तनीच तुमच्या युक्तिवादाचा भाग आहे, उदाहरणार्थ ‘वहीवट’ आणि ‘वहिवाट’ यांतला फरक, तिथे गुजराती लिपीतलं रूपही द्या आणि कोणत्या कोशातून घेतलं ते सांगा. गुजराती वर्तनीसाठी लोक गुजरात विद्यापीठाचा सार्थ जोडणीकोश प्रमाण मानतात. त्याची पहिली आवृत्ती 1929 ची, नंतर सुधारित आवृत्त्या निघाल्या. तेव्हा तिथेही आवृत्ती लिहायला विसरू नका.